अनुदानाच्या कपाटाची किल्ली

आमच्या कचेरीत लाकडी कपाट एकच होतं आणि त्याची किल्ली माझ्या गळ्यात असायची. गळ्यात म्हणजे खरोखरच गळ्यात, दोऱ्यात ओवून, पोलक्याच्या आत. माझ्याआधी ती शिपायाकडे होती. त्यानं ती कावेरीत अंघोळ करताना घालवली आणि कुलूप फोडायची वेळ आली. नवं कुलूप आलं तेव्हा साहेब मला म्हणाले, "अम्मा, ही तुम्ही अंगावरच ठेवा. टेबलावर नको, खणात नको." मी घरी येऊन आत्याला सांगितलं. तिनं त्याच संध्याकाळी कापूस घेऊन वातींसारखा दोरा वळला, चांगला तिपदरी, जाड. सकाळी मी चुलीपुढे हळदीच्या हातानं तो सारखा मागे सारायची, त्यामुळे थोड्याच दिवसांत तो पिवळाधमक झाला. धुतला तरी जाईना. मीही मग नाद सोडला.

हे सगळं तमिळ मुलखातल्या कुंभकोणममधलं, पन्नास सालानंतरचं; आम्ही तिथले पिढीजात मराठी. आमची कचेरी म्हणजे दोन खोल्या, एक साहेब, एक शिपाई आणि मी. आजूबाजूच्या पंचायतींना सरकारकडून अनुदान मिळायचं. कुणाला विहिरीसाठी, कुणाला मोरीसाठी, कुणाला शाळेच्या कौलांसाठी. ते मिळालं की नाही, गावानं आपला अर्धा वाटा घातला की नाही, काम कुठल्या कंत्राटदाराला दिलं, करार झाला का, कुदळ पडली का, याचा पाठपुरावा आम्ही करायचा आणि महिन्याच्या महिन्याला तक्ता करून मद्रासला पाठवायचा. साहेब गावोगाव फिरायचे आणि मी टाइप करायची. मद्रासच्या लोकांना वाटायचं, पैसे दिले की विहीर होते. छे! पैसे दिले की आधी भांडण होतं. कंत्राट अध्यक्षाच्या मेव्हण्याला का दिलं, विहीर तुमच्याच दारात का, आमच्या का नाही. त्या सगळ्या तक्रारीही कपाटातच. एका गावानं तर कुदळीला हात न लावता वर्षभर "काम प्रगतिपथावर आहे" असं कळवलं होतं. साहेब जाऊन पाहून आले तर तिथं म्हशी बसलेल्या.

यातली मेख अशी, की वर्ष मार्चअखेर संपायचं. तोवर ज्या गावात काम सुरू झालं नाही, त्या गावचा पैसा परत जायचा. त्याला सगळे 'लॅप्स' म्हणायचे. कावेरीकाठचा अडाणी म्हातारासुद्धा आम्हाला बघितलं की विचारायचा, "लॅप्स झालं का हो?"

आणि लॅप्स होणाऱ्या गोष्टींत मीही होते. माझी जागा कायमची नव्हती, ती त्या योजनेच्या पैशातूनच काढलेली. मला घेतानाच साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं, की सगळ्या गावांची कामं वेळेत सुरू झाली तर ही पोस्ट पुढच्या वर्षी चालू राहील. एका गावचाही पैसा परत गेला, तर मद्रासला वाटेल, कचेरीला माणसं जास्त झालीत, आणि पहिली तुमचीच मान. "मी काही करू शकणार नाही, अम्मा," म्हणाले. माणूस सरळ होता. मला ते आवडलं. त्या दिवसांत लोक माझ्याशी इतके गोड बोलत होते, की कुणी खडखडीत बोललं की बरं वाटायचं.

गोड बोलायचं कारण म्हणजे माझे यजमान नुकतेच गेले होते. शाळेत मास्तर होते. गोविंदपुरमला भजनाला जाऊन आले, ताप भरला आणि तो उतरलाच नाही. टायफॉईड होता. मुलगी चार वर्षांची. माझे थोरले दीर तंजावरला. दिवसकार्य झालं आणि ते म्हणाले, "इथं भाडं भरत कशाला राहायचं? तिकडं चला. तुमच्या जावेचे गुडघे धरलेत, स्वयंपाकाला माणूस पाहिजेच आहे." भाऊजी वाईट नव्हते, हे मी आजही म्हणेन. पण त्यांनी 'माणूस' म्हटलं आणि त्या एका शब्दात मला पुढची चाळीस वर्षं दिसली. पहाटे उठून सोवळ्यात चूल, दुपारी ताक-भात, मागच्या खोलीत चटई. मुलीचं काय विचारलं, तर म्हणाले, "पोरीला काय, लिहिता-वाचता आलं की झालं. लग्नच करायचंय."

लग्नाआधी मी टायपिंग शिकले होते, दोन्ही परीक्षा पास. बाबा हौशी होते म्हणून. ते कधी उपयोगी पडेल असं त्यांना वाटलं नसणार, बिचाऱ्यांना. मी अर्ज केला, जागा मिळाली. बाबांची बहीण, माझी आत्या, आपलं बोचकं घेऊन माझ्याकडे राहायला आली आणि तिनं भाऊजींना उंबऱ्यातच सांगितलं, "नोकरी आहे तोवर ही आणि पोर इथं राहतील. नोकरी गेली तर दोघींना घेऊन जा, मी मधे येणार नाही." भाऊजींनी ते शब्द बरोबर धरून ठेवले. दर महिन्याला त्यांचं कार्ड यायचं: प्रकृती कशी आहे, मुलगी कशी आहे, आणि पोस्टचं काय झालं.

तर असं होतं. ती पोस्ट राहिली तर मी आणि माझी लेक कुंभकोणमला. गेली, तर तंजावरची मागची खोली.

तुम्हाला वाटेल, केवढी काळजी असेल हिला! खरं सांगायचं तर नव्हती. त्या दिवसांत मला काही वाटतच नसे. मुलीला ताप आला, मी घड्या ठेवल्या. ताप उतरला, मी कामावर गेले. कॉफीत साखर नाही हे मला आत्यानं सांगावं लागायचं. कुणाचं बारसं, कुणाचं मरण, सगळ्याला माझं आपलं "हो का?" शेजारच्या मामी म्हणायच्या, "किती धीराची आहे!" धीर कसला, डोंबल. जागाच बधिर झाली होती. दात काढल्यावर गाल असतो तसं. चिमटा काढला तर कळायचं की चिमटा काढलाय, पण दुखायचं नाही. फक्त तक्ता तेवढा मी नीट करायची. त्यात खाडाखोड मला चालत नसे.

आत्या सोवळी होती, लहानपणीच विधवा झालेली, डोक्यावरून तांबडं आलवण. मला केस राखायला तिनंच सांगितलं. "माझं झालं ते झालं, तुझ्या डोईला हात लावायला कुणी आलं तर पळीनं हाणीन," म्हणाली. पण लुगड्याच्या बाबतीत मात्र ती ऐकेना. शेजारच्या तमिळ बायका सांगायच्या, आता पांढरं नेसायला हवं. आत्या फणकारायची, "पांढरं त्यांच्यात. आपल्यात तांबडंच. अडीचशे वर्षं इथं राहिलो म्हणून काय सगळंच त्यांचं घ्यायचं?" मग मी तांबडं नेसून कचेरीत जायची, साधं, सुती, काठाविना. मला पांढरं काय नि तांबडं काय. इथं तांबडं लुगडं म्हणजे नवरीचं, हे मला ठाऊक होतं, आत्यालाही ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि त्याचा विचार करणं वेगळं. कचेरीत सगळ्यांना माहीत होतं मी कोण, त्यामुळे कधी प्रश्नच आला नाही.

मुलगी मात्र विचारायची. एकदा न्हाऊ घालताना तिनं माझ्या कपाळाला बोट लावलं आणि म्हणाली, "आई, तुझं कुंकू कुठं गेलं?" मी पाणी ओतत राहिले. चुलीपाशी बसलेल्या आत्यानं उत्तर दिलं, "बाबा गावाला गेलेत ना, म्हणून काढून ठेवलंय. बाबा आले की लावेल."

मी नंतर आत्यावर चिडले. म्हणजे चिडल्यासारखं बोलले. "पोरीला खोटं कशाला सांगतेस गे?"

"मग तू सांग खरं," आत्या म्हणाली. "सांगतेस?"

मी मुलीचा ओला परकर पिळायला घेतला. आत्या शेंगा सोलत म्हणाली, "मोठी झाली की कळेल आपोआप. मला कुठं कुणी सांगितलं होतं?"

त्या वर्षी मार्च संपत आला आणि एका गावाचा रकाना रिकामा. चोळपुरमच्या पुढचं गाव. नाव सांगत नाही, त्यांची नातवंडं अजून तिथं असतील. पिण्याच्या पाण्याची विहीर मंजूर, गावचा वाटा जमा, कंत्राट एका मेस्त्रीला दिलेलं, करार झालेला. फक्त कुदळ पडायची बाकी. पंचायतीचे अध्यक्ष देवभोळे. मार्गशीर्षात कळवलं, धनुर्मास आहे, शुभकार्य नको. मग सुगी आली. मग जागेवरून वरच्या आळीचं नि खालच्या आळीचं वाजलं. शेवटी दोन्ही आळ्यांच्या मधली जागा ठरली आणि मुहूर्त निघाला तो नेमका वर्षाच्या अखेरच्या दिवसाचा. वार मंगळवार, म्हणजे तीनला राहुकाळ लागणार. त्याच्या आत कुदळ पडायला हवी, आणि आमच्यापैकी कुणीतरी डोळ्यांनी पाहून "काम सुरू" असा दाखला सही करून आणायला हवा.

साहेब स्वतः जाणार होते. आदल्या दिवशी त्यांना तंजावरहून वरच्या साहेबांचं बोलावणं आलं. त्यांनी दाखल्याचे कागद माझ्यापुढे ठेवले. "अम्मा, तुम्ही जा. शिपायाला घेऊन जा. मजकूर तुम्हाला पाठच आहे. दोघांच्या सह्या घ्या, साक्षीला तुमची करा." मग जरा थांबून म्हणाले, "हे तुमच्याच पोस्टचं आहे म्हणून सांगतो, कुदळ पडल्याशिवाय सही करू नका. म्हशी बसलेल्या मला पुन्हा नकोत."

आता मागे वळून पाहिलं की नवल वाटतं. एवढे जुने-जाणते साहेब, पंचांग बघितल्याशिवाय दाढी न करणारे. आणि मी, आत्याच्या हाताखाली वाढलेली. विहिरीच्या मुहूर्ताला विधवेला पाठवू नये, हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. दोघांच्याही डोक्यात दाखला होता. मी तांबडं लुगडं नेसले, किल्ली गळ्यात, कागद पिशवीत, आणि सकाळची बस धरली.

चोळपुरमला उतरलो. अध्यक्षांनी बैलगाडी पाठवली होती. भात केव्हाच निघालेलं, शेतात उडीद वाळत पडलेला, ऊन असं की चाकाची लोखंडी धाव हात लावू देईना. मी पदरानं सारखं तोंड पुसत होते. शिपाई गाडीवानाशी जावयाच्या तक्रारी करत होता. पोहोचलो तेव्हा दुपार झाली होती आणि सगळं गाव त्या मधल्या जागेभोवती उभं. हळदीच्या पाण्याचा तांब्याचा कलश, आंब्याची डहाळी, नवी कुदळ, तिला कुंकू. मेस्त्री अंगरखा काढून तयार. आणि तरी कुणी हलेना.

मी विचारलं, "काय झालं?"

अध्यक्षांचा चेहरा पडला होता. त्या गावची रीत अशी, की विहिरीची पहिली कुदळ पडायच्या आधी त्या जागी अध्यक्षाच्या घरच्या सुवासिनीनं हळदीचं पाणी ओतायचं. आणि अध्यक्षीणबाई आजच सकाळी बाहेर बसलेल्या. मागच्या पडवीतून त्यांचा आवाज आला, चांगला खणखणीत, "मुहूर्त काढताना मला विचारलंत का? जोशाला विचारलंत! ओतू दे आता जोशालाच पाणी!" बायका पदरात तोंड लपवून हसल्या.

मग दुसरी कुणीतरी ओतावी, तर कोण? वरच्या आळीनं आपली बाई पुढे केली. खालची आळी म्हणाली, म्हणजे विहीर त्यांची झाली. खालच्या आळीनं आपली केली, तर वरच्या आळीचे लोक चपला घालून घरी निघाले. मेस्त्री म्हणाला, अहो, राहुकाळ लागेल, मग मी कुदळ उचलणार नाही, माझीही बायकापोरं आहेत. अध्यक्ष म्हणाले, मग उद्या करू. मी म्हटलं, "उद्या नाही चालणार. उद्या पैसा परत जाईल." ते म्हणाले, "एका दिवसानं काय होतं अम्मा? सरकारला सांगा." त्यांना वाटत होतं सरकार म्हणजे त्यांच्या सासऱ्यासारखं कुणीतरी आहे, जरा रुसेल आणि मग ऐकेल.

तेवढ्यात बायकांतली एक म्हातारी माझ्याजवळ आली. नाकात दोन्हीकडे चमक्या, कपाळाला रुपयाएवढं कुंकू. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. लुगडं पाहिलं. गळ्यातला पिवळा दोरा पाहिला, पोलक्यात गेलेला. इथं लग्नाची ताली अशीच असते, हळदीनं पिवळ्या केलेल्या दोऱ्यात, पोलक्याच्या आत. मग तिनं माझी हनुवटी धरली आणि मोठ्यानं म्हणाली, "अय्यो, घामानं पोरीचं कुंकू पुसलं गेलंय बघा! अरे, भांडता कशाला? ही ना वरच्या आळीची, ना खालच्या. सरकारनंच सुमंगली पाठवलीय की!"

सगळ्यांचे चेहरे उजळले. अध्यक्ष तर हात जोडायच्या बेतात. "हे आधी का सुचलं नाही?" म्हणाले.

मी तोंड उघडलं. शिपायाकडे पाहिलं. त्याला सगळं ठाऊक होतं. त्याचा धाकटा माझ्या यजमानांच्याच शाळेत होता, त्यांना पोचवायला तोही आला होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग पाठ फिरवली आणि खांद्यावरचा पंचा काढून उगाच झटकत बसला. मी सांगितलं असतं तर? "मी विधवा आहे" एवढे तीनच शब्द. पण ते सांगून मी नुसती बाजूला झाले नसते. विधवा मुहूर्ताच्या जागी येऊन उभी राहिली म्हणून गाव उठून गेलं असतं. कुदळ पडली नसती, राहुकाळ लागला असता आणि संध्याकाळी मीच माझ्या हातानं त्या रकान्यात 'लॅप्स' असं टाइप केलं असतं. मग भाऊजींचं कार्ड. मग मागची खोली, चटई.

मी तोंड मिटलं. म्हातारीनं करंड्यात बोट बुडवून माझ्या कपाळावर टेकवलं, तिच्यासारखंच मोठं. कुणीतरी केसात फुलं खोवली. मी कलश उचलला आणि पाणी ओतलं. तापलेल्या मातीनं ते चर्रकन पिऊन टाकलं. मेस्त्रीनं कुदळ घातली. ढेकूळ निघालं. बायकांनी लुलुलुलु असा मंगल आवाज काढला.

तुम्ही विचाराल, तेव्हा काय वाटलं. काही नाही. खरंच काही नाही. पाप वाटलं नाही आणि गंमतही वाटली नाही. मी कलश खाली ठेवला, पिशवीतून कागद काढले आणि म्हटलं, "अध्यक्षांनी इथं, मेस्त्रीनं इथं." खाली माझी सही केली. सही नेहमीसारखीच आली. लोक म्हणतील, देवाधर्माला फसवलं. त्यांना म्हणावं, तुम्ही या एकदा भाऊजींच्या मागच्या खोलीत राहून. मला त्याबद्दल आजही वाईट वाटत नाही. त्या विहिरीला पाणीही चांगलं लागलं, गोडं, उन्हाळ्यात टिकणारं.

परतीच्या बसमध्ये शिपाई माझ्यापासून दोन बाकं लांब बसला. कुंभकोणम आलं तेव्हा उतरता उतरता म्हणाला, "मी काही पाहिलं नाही, अम्मा." मी म्हटलं, "बरं." आणि मग ती गोष्ट माझ्या डोक्यातून निघूनच गेली, इतकी की आज सांगायलाही चमत्कारिक वाटतं. डोक्यात एकच, तक्ता पुरा करायचा. कचेरीत आले, गळ्यातून किल्ली काढून कपाट उघडलं, शेवटचा रकाना भरला, तक्ता टाइप केला. साहेब तंजावरहून आले. दाखला वाचला, मान वर केली, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पुन्हा पटकन कागदात पाहू लागले. बराच वेळ ते दाखलाच वाचत होते. मला वाटलं, खूश झालेत. "छान झालं," ते खाली बघतच म्हणाले. "तुम्ही घरी जा आता. किल्ली गळ्यात घाला." पोस्ट राहणार, हे मला तेव्हाच समजलं. आणि ती राहिली. नुसती वर्षभर नाही, पुढे ती कायमची झाली आणि मी त्याच कचेरीतून म्हातारी होऊन निवृत्त झाले. हे सगळं त्या एका कलशभर पाण्यावर.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. मुलगी ओट्यावर बसून पाटीवर अक्षरं काढत होती. मी पायरीशी चपला काढल्या आणि तिला म्हटलं, "आत्याला सांग, आईची नोकरी राहिली." तिनं वर पाहिलं. माझ्याकडे पाहतच राहिली. मग पाटी तशीच टाकून ती उठली. मला वाटलं, माझ्याकडे येतेय. ती माझ्याकडे आली नाही. उलट फिरली आणि आत पळाली.

तिची पावलं ऐकू येत होती. माजघरात गेली. मग स्वयंपाकघरात. मग मागचं दार करकरलं, परसात गेली. तिथून परत आली. मी ओट्यावरच उभी होते, हिला काय झालं ते न समजून. आत्या हातात निरांजन घेऊन बाहेर आली, तिनं माझ्या कपाळाकडे पाहिलं आणि निरांजन खालीच ठेवलं. "काय गे हे?" एवढंच म्हणाली. तेव्हा कुठं माझा हात कपाळाकडे गेला.

मुलगी धापा टाकत दारात आली. तोंड सगळं फुललेलं. वर्षभरात तिचं तोंड असं मी पाहिलं नव्हतं.

"बाबा कुठं बसलेत?" तिनं विचारलं. "आत नाहीत."

त्या वेळी दुखलं. वर्षभराचं एकदमच दुखलं. मी तिथंच पायरीवर बसले. त्यांचा ताप, त्यांचे शेवटचे सुकलेले ओठ, भजनाची चिपळी कोपऱ्यात तशीच होती ती, सगळं. मला रडायला येत होतं आणि पोर समोर वाट बघत उभी होती. ओट्यावरून वाकून ती गल्लीत दोन्हीकडे पाहत होती.

आत्यानं मुलीचा हात धरायला हात पुढे केला. मी म्हटलं, "नको आत्या. मी सांगते."

मी तिला जवळ ओढलं. "बाबा नाही आले, राजा."

"मग कुंकू?"

काय सांगणार होते मी? विहीर, आळ्या, राहुकाळ? मी पदराचं टोक जिभेला लावलं आणि कपाळ पुसायला लागले. निघेना. तांबडं सगळं भुवयांवर आलं.

"हे हापिसातलं आहे गं," मी म्हटलं. "हापिसातलं. बाबा येणार नाहीत. ते गावाला नाही गेले. ते वारले. कधीच येणार नाहीत."

ती रडली नाही. मग तिनं आपल्या परकराचा काठ हातात घेतला, तो थुंकीनं ओला केला आणि उरलेलं कुंकू तिनं पुसलं, सावकाश, मी तिचं नाक पुसते तसं. पुसून झाल्यावर पाटी उचलून आत गेली.

त्यानंतर तिनं बाबांचं कधी विचारलं नाही.